लेझमीची चक्कर

कुणाला भोवळ आली की आपल्याकडं माणसं पहिलं काय करतात, तर त्याला उचलून उभं करतात. एक जण बगलेत हात घालतो, दुसरा मान धरतो, तिसरा कांदा फोडायला पळतो. "उठवा, उठवा, बसतं करा!" अरे, कशाला बसतं करता? पडू द्या की त्याला आडवं! मी हे लग्नात ओरडलेय, बाजारात ओरडलेय, एकदा तर जालन्याच्या स्टँडवर एका परक्या माणसाशी त्याच्याच सुनेवरून कडाकडा भांडलेय. लोक म्हणतात, मास्तरीणबाई फार तापट. असेन. पण त्या उचलणाऱ्या हातांचा मला स्वतःला अनुभव आहे.

जालना जिल्हा नुकता वेगळा झाला होता, ती वर्षं. माझी शाळा आणि माझं सासर एकाच गावात, राजूरपासून पायी तासाभराच्या वाटेवर. नवरा जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात कामाला, तिथंच खोली करून राहायचा आणि सुट्टीला घरी यायचा. घरात मी आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. पुढं झालं, एक मुलगी, बरंच उशिरा. पण ते पुढचं, आणि या गोष्टीत तिचं काही काम नाही.

शेजारच्या घरात माझी चुलत सासू राहायची. तिला सगळे काकू म्हणायचे. काकूला एक भाची होती. दिसायला बरी, शेतात कामाला वाघीण, आणि लग्नाची. काकू दुपारी आमच्या पडवीत तूर निवडायला बसली की त्या भाचीचं पुराण सुरू व्हायचं. मी घरात असले तरी आवाज खाली यायचा नाही. "एकाला दोन झाल्या म्हणून काय बिघडलं? हिला काय घराबाहेर काढायचं म्हणते का मी? ही शाळा करील, ती घर करील. पोरं तर दिसतील अंगणात." आत्याबाई तुरीतले खडे बाजूला टाकत म्हणायची, "बघू."

त्या 'बघू'ची मला जेवढी भीती वाटायची तेवढी कशाचीच वाटली नाही. ती 'हो' म्हणाली असती तर मी भांडले असते, भांडण मला येतं. 'नाही' म्हणाली असती तर जीव भांड्यात पडला असता. 'बघू'चं काय करायचं? आत्याबाई मुळात कमी बोलणारी. माझ्याशी वाईट कधी वागली नाही, पण जवळ घेऊन बसलीय असंही कधी झालं नव्हतं. आणि नवरा? "मला न्हाई आणायची दुसरी कुणी," असं तो मला म्हणायचा. आईसमोर मात्र त्याच्या तोंडाला कुलूप.

त्या वर्षी जानेवारीत भोकरदनला शिक्षकांचं लेझमीचं शिबिर लागलं. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, त्यांनी माझं नाव पाठवलं, कारण बाकीच्या दोघांच्या कमरा नेमक्या त्याच आठवड्यात धरल्या होत्या. शिकवणारे पलटणीतून रिटायर झालेले. त्यांचं म्हणणं, लेझीम हातात नसते, मांडीत असते. म्हणून आधी बैठका. माझ्या शेजारी एक गुरुजी उभे होते, चांगले जाडजूड. ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही नुसत्या टाळ्या वाजवा. बैठका काय बाईमाणसाचं काम न्हाई."

झालं! माझं टाळकं सटकलं. पदर खोचला आणि सुरू केलं. गुरुजी खाली गेले की मी खाली, गुरुजी वर आले की मी वर. थोड्या वेळानं गुरुजी खाली गेले ते तिथंच बसले, घाम पुसत. मी थांबायचं ना? न्हाई. सगळे बघून राह्यले होते ना. शिकवणारे म्हणाले, "बस बाई, बस झालं," तरी मी आणखी काढल्या. आणि मग त्याच पायांवर दिवसभर खाली वाकून, बसून, उठून लेझीम. घरी येताना एसटीत मी अशी ताठ बसले होते, जशी काही मी लढाई जिंकून आले.

गंमत अशी की दुसऱ्या दिवशी फारसं काही वाटलं नाही. जरा अवघडल्यासारखं झालं, एवढंच. मला वाटलं, आपलं हाड मजबूत आहे. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी उठायला गेले आणि आई गं! मांड्या दगडाच्या झाल्या होत्या. हात लावला तरी ठणका. चुलीपाशी बसता येईना, बसलं तर उठता येईना, उंबरा ओलांडायचा तर पाय हातानं उचलून पलीकडं ठेवावा लागे. आणि तो दिवस सव्वीस जानेवारीचा. शाळेत झेंडावंदन, मला जाणं भाग.

आत्याबाईनं माझी चाल बघितली. ती अंधारातच परसात गेली, निरगुडीचा पाला तोडून आणला आणि पाण्यात घालून कढत पाणी केलं. "शेकून घे बराबर. मोकळं व्हईल अंग," म्हणाली. मी ते पाणी सोसेल तेवढं कढत मांड्यांवर घेतलं. बरं वाटलं, खोटं सांगणार नाही. अंग सैल सैल झालं. भाकरी व्हायची होती, वेळ नव्हता, कपभर चहा प्याले आणि भिंतीला धरत धरत शाळेत गेले.

पोरांना मी रांगेत उभं केलं आणि दम भरला. "झेंडावंदन होईस्तोवर कुणी हलायचं न्हाई. माशी बसली तरी हलायचं न्हाई." आणि मीही त्यांच्यासमोर सावधानमध्ये उभी राहिले. तसंही हललं की दुखत होतं, न हललेलंच बरं. सरपंचांना यायला उशीर. ऊन वर यायला लागलं. पाय नुसते जड, कुणी खालून ओढल्यासारखे. सरपंच आले, दोरी ओढली, फुलं पडली, पोरांनी राष्ट्रगीत धरलं, आणि माझ्या कानात पिठाची गिरणी सुरू झाली. झेंडा पिवळा दिसायला लागला, मग काळा. मी दात आवळले. राष्ट्रगीत पुरं झालं आणि मगच पडले, हे मोठे गुरुजी पुढं कितीतरी वर्षं कौतुकानं सांगायचे.

डोळे उघडले तर बायकांनी मला धरून उभं केलेलं. डोळे उघडले आणि परत मिटले, परत पडले. परत उचललं! परत पडले! नाकाशी कांदा, तोंडावर पाणी, आणि बगलेत चारी बाजूंनी हात. शेवटी कंटाळून कुणीतरी मला शाळेच्या ओट्यावर आडवं टाकलं, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

तोवर इकडं बायकांनी निकाल देऊन टाकला होता. लग्न झालेली बाई भर सभेत चक्कर येऊन पडली, म्हणजे आमच्याकडं दुसरा अर्थच नाही. "अगं, हिला दिवस गेले! सात वर्सांनी देव पावला!" एकीनं म्हटलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. काकूही तिथंच होती. तिचं तोंड एवढंसं झालं. "आधी खात्री करा," ती म्हणाली, पण ऐकतंय कोण?

आत्याबाई पीठ लागलेल्या हातानं अनवाणी पळत आली. मी तिला पळताना कधी बघितलं नव्हतं. ओट्याशी येऊन थांबली, माझ्याकडं बघितलं, बायकांनी तिच्या कानात सांगितलं. तिचं तोंड असं उजळलं, की मला ते बघवेना. सव्वीस जानेवारीला आमच्याकडं जिलबी असतेच, चौकात कढई लागलेली. आत्याबाईनं पदराच्या गाठीत होतं नव्हतं ते सगळं काढलं आणि गल्लीभर जिलबी वाटली. काकूच्या घरीही स्वतः नेऊन दिली.

आणि मी? मीही मनात दिवस मोजले. पाळी लांबलेली होती, फार नाही, थोडीच. असं आधीही झालं होतं, मला माहीत होतं. पण तोंडात जिलबी होती, डोक्यावरून आत्याबाईचा हात फिरत होता. म्हटलं, काय सांगावं, असेलही.

नवरा सुट्टीला आलेला होता. त्यानं मला सायकलवर बसवून राजूरला डॉक्टरांकडं नेलं. खड्डा आला की माझ्या मांड्या किंचाळायच्या आणि मी नवऱ्यावर. डॉक्टर वयस्कर, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, दोन-तीन दिवसांत वेगळं काय केलं?"

"लेझीम," मी म्हटलं. "आणि बैठका."

"किती?"

"गुरुजींपेक्षा जास्त."

ते हसले. मांडी बोटानं दाबली तर मी ओरडले. मग त्यांनी मला आडवं करून दंडाला पट्टा बांधला, पाऱ्याचं बीपी बघितलं. मान हलवली. मग म्हणाले, "आता उभ्या राहा." उभी राहिले तसं परत बघितलं, आणि मलाही दाखवलं. आडवी असताना पारा जिथं ठोके द्यायला लागला होता, उभी राहिल्यावर त्याच्या बराच खाली आल्यावर द्यायला लागला. माझं डोकंही तेवढ्यात हलकं झालंच.

"बसा, बसा," ते म्हणाले. "असं बघा. उभं राहिलं की रक्त पायात उतरतं. सगळ्यांचंच उतरतं. पोटऱ्या आणि मांड्या जरा हलत्या राहिल्या की त्याच ते परत वर ढकलतात. तुमचे पाय ठणकून बसलेत, तुम्ही ते हलवले न्हाईत. वरून कढत पाणी, त्यानं नसा आणखी सैल. पोटात अन्न न्हाई. डोक्याला रक्त कमी पडलं, म्हणून शरीरानं तुम्हाला आडवं केलं. शहाणं हाय तुमचं शरीर. आणि लोकांनी काय केलं, परत उभं केलं?"

"दोनदा," मी म्हटलं.

"वा! आडवं निजवून पाय उशीवर वर ठेवायचे असतात." मग त्यांनी सांगितलं: मीठ-साखर घालून लिंबूपाणी प्या, उठताना आधी बसा आणि मग उभ्या राहा, उपाशीपोटी कढत अंघोळ नको, आणि ताठ उभं राहायची वेळ आली तर चपलेतल्या चपलेत बोटं हलवत राहा. "दुखणं दोन-चार दिवसांत जाईल. लेझीम सोडू नका. रोज थोडी थोडी करा, पाय सवयीचे होतात."

मी पदराशी चाळा करत विचारलं, "आणि... दुसरं काही?"

त्यांना कळलं. "त्याचं आजच बिलकुल सांगता येत न्हाई. थोडे दिवस जाऊ द्या. पण बाई, ही चक्कर लेझमीची हाय. तिच्यावर आशा बांधू नका."

परतताना मी सायकलवर बसलेच नाही. नवरा सायकल हातात धरून माझ्या चालीनं चालला. राजूरच्या गणपतीच्या देवळाच्या पायऱ्यांशी आम्ही टेकलो, त्यानं लिंबू पिळून पाणी करून आणलं. मग म्हणाला, "आईला आत्ताच सांगू नको. चार दिवस आनंदात राहू दे."

"आणि मंग?"

तो सायकलची घंटी उगाच पुसत बसला. मला त्याचा असा राग आला! पण पाणी मात्र त्यानं झकास केलं होतं, तेही सांगायला पाहिजे.

घरी त्यानं आईला डॉक्टरांचं अर्धंच सांगितलं. बीपी खाली आलंय, मीठ-पाणी द्यायचं, आडवं निजवून पाय वर ठेवायचे. आत्याबाईनं ते सगळं पोटाशी जोडलं. मग काय विचारता! मी जरा उठायला गेले की आतून आवाज, "हळू! आधी बस, मंग उभी राहा!" मीठ घातलेलं ताक सकाळी, दुपारी, संध्याकाळी. घरात असलेली एकुलती एक उशी सावरीच्या कापसाची, ती म्हणाली ही फार मऊ, पाय खाली जातात, म्हणून गोधडीची गुंडाळी करून माझ्या पायांखाली सरकवायची. गोधडीच सरकवायची हं, माझ्या पायाला हात लागू द्यायची नाही. सासू सुनेच्या पायाला हात लावत नसते. चुलीकडं मला फिरकू द्यायची नाही. नवरा जालन्याला परत गेला, काकू यायची बंद झाली, तुरीतले खडे तसेच राहिले. ते लाड माझे नव्हते, मला ठाऊक होतं. तरी गोड लागत होते.

दोन दिवसांनी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मला कळलं. पाळी आली होती.

आमच्या घरात बाईनं त्या दिवसांत बाजूला बसायची रीत होती. पडवीत दाराशी पोतं अंथरायचं, ताटवाटी वेगळी, कुणाला शिवायचं नाही. सरकार त्याची रजा देत नव्हतं, म्हणून शाळेत जायचं आणि परत येऊन पोत्यावर बसायचं. म्हणजे बघा, तोंडानं काही सांगायची सोयच ठेवली नव्हती या रीतीनं. वाटेनं जाणाऱ्या कुत्र्यालाही कळावं. शाळा सुटल्यावर मी घराच्या कोपऱ्याशी बराच वेळ उभी होते. चपलेत बोटं हलवत. मग आत गेले, कोपऱ्यातलं पोतं ओढलं, अंथरलं आणि बसले.

आत्याबाई ताकाचा तांब्या घेऊन बाहेर आली. मला तिथं बसलेली बघितलं. तिच्या तोंडावरचं सगळं हळूहळू मावळत गेलं. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं तांब्या खाली ठेवला, रीतीप्रमाणं लांबूनच माझ्याकडं सरकवला, आणि आत गेली. आत भांड्याचा आवाज नाही, कशाचा नाही. ताक तसंच राहिलं. 

आणि काकू आली. तिला रस्त्यावरूनच दिसलं असणार. पडवीच्या पायरीशी उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "बसली का बाजूला? मी म्हणलंच होतं, खात्री करा. जिलब्या वाटून मोकळ्या झाल्या सगळ्या!" मग आत तोंड करून, "अगं ए, बाहेर ये! किती दिवस बघू बघू करून राह्यली तू? माझ्या भाचीला दुसरीकडून विचारणं आलंय. आज काय ते सांग."

मी उठले. काय बोलणार होते देव जाणे, पण बोलणार होते! आधी बसा, मग उभ्या राहा, हे कुठलं ध्यानात? ताडकन उभी राहिले. मांड्या अजून ठणकत होत्याच, दुपारपासून पोटात घास नव्हता. गिरणी सुरू झाली, काकू पिवळी दिसली, मग काळी, आणि मी भिंतीला घासत खाली आले.

"अगं, पडली! उठवा हिला कुणीतरी!" काकू ओरडली. पण स्वतः मात्र लुगडं सावरून मागं सरकली, मी बाजूची ना!

मला अंधुक दिसत होतं. आत्याबाई आली. तिनं मला उठवलं नाही. खांद्याला धरून सरळ आडवं केलं, डोकं पोत्यावर टेकवलं. इकडंतिकडं बघितलं, गोधडी आत राहिली होती. मग ती त्याच पोत्यावर माझ्या पायाशी मांडी घालून बसली, आणि माझे दोन्ही पाय उचलून तिनं आपल्या मांडीवर घेतले.

"अगं, शिवलीस की तिला!" काकूचा आवाज चिरकला. "आन् सुनंचे पाय मांडीवर?"

"मंग कुठं ठेवू? डागदरानं वर ठेवायला सांगितलेत."

"ते पोटुशी म्हणून सांगितलं व्हतं! आता काहून?"

आत्याबाई माझी पोटरी दाबायला लागली. हळूहळू, खालून वर. "पोटासाठी नसंल सांगितलं, तर पायासाठी सांगितलं असंल," ती म्हणाली. "पाय तर हिचेच हायेत ना."

काकू मग म्हणाली, "आन् भाचीचं?"

मी डोळे मिटून घेतले. आता ते 'बघू' येणार, म्हणून सगळं अंग आवळून पडले होते.

"भाची गुणाची हाय तुझी," आत्याबाई म्हणाली. "तिला चांगलं घर बघ. ह्या घरात सून हाय. दुसरी येणार न्हाई. आता परत हा विषय काढायला माझ्या पडवीत येऊ नको. तूर निवडायला ये."

काकूच्या चपलांचा आवाज लांब गेला. आत्याबाईचे हात थांबले नाहीत. मग तिनं विचारलं, "लेझीम परत कधी हाय तुझी?"

"सोमवारपासून. रोज थोडी थोडी."

"भाकर खाऊन जात जा."

मग मात्र मला आवरेना. सात वर्षं मी त्या घरात कुणासमोर रडले नव्हते, ते सगळं एकदम आलं. हुंदक्यावर हुंदके. आत्याबाईनं माझ्याकडं बघितलं आणि दटावलं, "गप. डागदरानं मीठ-पाणी अंगात राखायला सांगितलंय, अन् तू डोळ्यानं घालवून राह्यली." आणि माझे पाय तिनं आणखी थोडे वर ओढून घेतले.